बिनविसणाचं पाणी

सेलूला आमच्या घरी अंघोळ म्हणजे दोन पाणी. बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचं, हंड्यातलं गार त्यात मिसळायचं. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. लेकरू न्हाऊ घालताना आई आधी स्वतःचा हात बुडवते आणि म्हणते, थांब, विसण घालते. साठ वर्षं मी याच रीतीनं न्हाले, दोन लेकरं न्हाऊ घातली. मागच्या हिवाळ्यात लेक मला जपानमधल्या कुसात्सूला घेऊन गेली. तिथल्या पाण्यात विसण घालत नाहीत. ते घालावं लागू नये म्हणून माणसं काय काय करतात, हे पाहण्यातच माझे दोन दिवस गेले.

लेक-जावई तोक्योच्या निशी-कसाई भागात राहतात. उएनो स्टेशनाहून सुमारे अडीच तास रेल्वे, पुढं बस, आणि बाराशे मीटर उंचीवरचं हे गाव. बर्फ पडत होतं. गावाच्या मधोमध युबाताके आहे, म्हणजे ‘गरम पाण्याचं शेत’. जमिनीतून उसळणारं पन्नास अंशांच्या पुढचं पाणी लांबच लांब लाकडी पन्हळींतून खेळवतात, त्यात ते थोडं निवतं आणि पन्हळीच्या तळाशी पिवळट गंधक धरतं. ते खरवडून, वाळवून विकतात. या एका ठिकाणी मिनिटाला सुमारे चार हजार लिटर पाणी येतं. मी कठड्याला धरून मनातल्या मनात हिशेब करत राहिले. बारा हजार लिटरचं टँकर दर तीन मिनिटांनी भरेल. नळाला कधी पाणी येईल म्हणून ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्यांना असा हिशेब केल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शेजारच्या नेत्सुनोयू या इमारतीत युमोमी दाखवतात. बायका हौदाच्या कडेनं उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हातात सहा फूट लांब, फूटभर रुंद फळी. गाणं म्हणत फळी पाण्यात खुपसायची, पीळ दिल्यासारखी उलटवायची, पुन्हा खुपसायची. वाफ वर जाते, पाणी निवतं. गार पाणी ओतलं तर औषध पातळ होतं, म्हणून हा खटाटोप. पूर्वी रोगी स्वतःच फळ्या मारत, मग प्रमुखाच्या हाकेबरोबर सगळे एकदम अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात उतरत आणि तीन मिनिटांनी त्याच्याच हाकेवर बाहेर येत. आता तो खेळ पाहुण्यांसाठी आहे. तरी एका बाईच्या मनगटाची नस फुगलेली मला दिसली. जात्यावर बसलेल्या बाईची फुगते, तशीच.

आमची उतरायची जागा म्हणजे रियोकान, जुन्या वळणाचं लाकडी घर. दारात जोडे काढले, तातामीच्या चटईवर पाय ठेवण्याआधी सपाताही काढल्या. खोलीची व्यवस्था पाहणारी नाकाई माझ्याच वयाची होती. ती दार उभ्यानं उघडत नसे. आधी गुडघ्यावर बसायची, दार थोडं सरकवायची, मग पूर्ण. चहाबरोबर एक गोड वडी ठेवून तिनं लेकीला सांगितलं, हे खाऊनच अंघोळीला जा, उपाशीपोटी गरम पाण्यात चक्कर येते. सुती युकाता नेसताना डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर फक्त प्रेताची असते. माझी उलटी झाली होती. ती काही न बोलता पुढं आली आणि पदर बदलून गेली.

अंघोळीची मला धास्ती होती. तिथं अंगावर धागा ठेवत नाहीत. बायकांचा हौद वेगळा, पण बायकांतसुद्धा मी असं कधी केलं नव्हतं. “आई, तू माझ्याकडं बघ, दुसरीकडं बघू नको,” लेक म्हणाली. हौदात उतरण्याआधी लाकडी ठोकळ्यावर बसून साबणानं सगळं अंग धुवायचं. हौद अंग धुण्यासाठी नाहीच, तो फक्त बसण्यासाठी. तिनं माझी पाठ चोळली. आमच्या न्हाणीत दगडावर बसवून मी तिची चोळायची, ते दोघींनाही आठवलं असणार, पण आम्ही बोललो नाही.

“जोडवी काढ. गंधकानं चांदी काळी पडते.” मी नाही काढली. आधी तांब्यानं अंगावर पाणी घेतलं, मग उतरले. पाणी जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं आंबट. ओठाला लागलं तेव्हा कळलं, डोळ्याला लागलं तेव्हा फारच कळलं. पण गुडघे दहा मिनिटांत सैल झाले. भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा कागद लावलेला होता. १९४८ च्या कायद्यानुसार झऱ्याशी पंचवीस अंश तरी ऊब हवी, नाहीतर ठरवून दिलेल्या एकोणीस द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात हवं, तरच त्याला ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा, म्हणता येतं. बाहेर आले तेव्हा जोडवी काजळासारखी झाली होती.

आम्ही मासे खात नाही, हे लेकीनं आठवडाभर आधी कळवलं होतं. तिथलं साधं सारसुद्धा सुकवलेल्या माशाच्या रसाचं असतं. आमच्यासाठी ते समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या अळिंब्यांचं केलं होतं. जेवून आलो तर खोलीत गाद्या घातलेल्या. दुसऱ्या रात्री मी मुद्दाम थांबून पाहिलं. दोघी जणींनी कपाटातून गादी काढली, चादरीचे कोपरे पाकिटासारखे मुडपले, रजई पसरली. उशी ठेवताना एकीनं खिडकीकडं पाहून दिशा बदलली. उत्तरेला डोकं करायचं नाही! मला आजीच हाक मारून गेल्यासारखं वाटलं.

पहाटे पाचला हौदाकडं गेले, तेव्हा खरं काम दिसलं. एक म्हातारा कडेला बसून पाण्यात हात घालून होता. त्याला युमोरी म्हणतात, गरम पाण्याचा राखणदार. झऱ्याचं पाणी हौदात सतत पडतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. हौदाची ऊब ठरते ती पडणाऱ्या धारेच्या जाडीवर. थंडी वाढली की धार जाड करायची, ऊन पडलं की बारीक. तो तोंडापाशीची लाकडी खुंटी बोटभर सरकवायचा, थांबायचा, पुन्हा हात घालायचा. उष्णतामापक होता, तोही तो पाहायचा, पण हातानंतर. लेकीनं विचारलं तेव्हा म्हणाला, रात्रीतून तीनदा उठतो.

आपल्याकडं नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींचा कुष्ठरोग जावा म्हणून रामानं बाण मारून तो गरम झरा काढला, असं सांगतात. कातडीच्या दुखण्याची माणसं तिथं येतात. माझे वडील सांध्यांसाठी जायचे. बरोबर शिधा आणि स्टोव्ह. जपानी शेतकरीही सुगी झाली की तांदूळ आणि मिसो बांधून झऱ्याकाठी आठवडे काढत, स्वतः रांधून खात. त्याला तोजी म्हणतात. पिठलं-भाकरी करून झऱ्याकाठी राहिलेले माझे वडील त्यांच्यात सहज खपले असते.

निघायच्या दिवशी मी लेकीला विचारलं, काठावरून वाहून गेलेलं एवढं पाणी जातं कुठं? ती मला युकावा नदीवर घेऊन गेली. एवढं आंबट पाणी नदीत गेल्यावर मासे जगत नसत, शेताला ते चालत नसे, लोखंड आणि सिमेंट खाऊन जाई. म्हणून १९६४ पासून नदीत चुनखडीची पूड कालवून सोडतात. पुलाखाली नळातून पांढरी धार पडत होती, घर रंगवायला भिजवलेल्या चुन्यासारखी दाट, आणि तिथून खाली नदी दुधाळ झाली होती.

“रात्री बंद करतात का गं?”

“नाही. झरा रात्री थांबतो का?”

बसला वीस मिनिटं होती. आम्ही तिथंच उभ्या राहिलो.