कोल फील्ड हाउस : एका विद्यापीठीय बास्केटबॉल क्रीडागृहाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना अभ्यासक्रम, कुलगुरू, ग्रंथालय, संशोधन आणि विद्यार्थी चळवळी यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. क्रीडागृहाचा उल्लेख झालाच तर तो बांधकामाचा खर्च आणि जिंकलेल्या चषकांची यादी यापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः विद्यार्थी, अध्यापक, परिसरातील नागरिक आणि शासन हे चारही घटक हजारोंच्या संख्येने एकाच छताखाली येतात, अशी विद्यापीठातील जागा बहुधा क्रीडागृह हीच असते. त्यामुळे तेथे मैदानावर कोणाला उतरता येते, कोणाचा खेळ देशाला दाखवला जातो आणि वास्तूला कोणाचे नाव दिले जाते, हे प्रश्न केवळ क्रीडाविषयक राहत नाहीत.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क परिसरातील कोल फील्ड हाउस हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९५५ ते २००२ या काळात हे क्रीडागृह विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे घर होते. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या इतिहासातील निवडक घटनांच्या आधारे खेळ, वर्ण, लिंगभाव आणि शिक्षणसंस्थेची जबाबदारी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उभारणीची पार्श्वभूमी :

बास्केटबॉलचा जन्मच शिक्षणसंस्थेत झाला. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा असा हा खेळ तयार केला. साहजिकच महाविद्यालये हेच त्याचे पहिले आधारस्थान ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली आणि जुनी लहान व्यायामगृहे अपुरी पडू लागली. मेरीलँड विद्यापीठाचा संघ त्या वेळी रिची कोलिझियम या छोट्या क्रीडागृहात खेळत असे. त्याची जागा घेण्यासाठी विशाल कमानदार छपराचे नवे क्रीडागृह बांधण्यात आले आणि डिसेंबर १९५५ मध्ये तेथे पहिला सामना झाला. न्यायाधीश, काँग्रेसचे माजी सदस्य आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले विल्यम पी. कोल (कनिष्ठ) यांचे नाव त्याला देण्यात आले. आरंभी सुमारे बारा हजार असलेली आसनक्षमता पुढे साडेचौदा हजारांपर्यंत पोहोचली.

या क्रीडागृहाचे स्थानही महत्त्वाचे ठरले. कॉलेज पार्क हे गाव राजधानी वॉशिंग्टनला जवळजवळ लागून आहे. १९७३ मध्ये लँडोव्हर येथे कॅपिटल सेंटर उभे राहीपर्यंत राजधानीच्या परिसरात एवढ्या क्षमतेचे दुसरे आधुनिक क्रीडागृह नव्हते. परिणामी विद्यापीठाची ही वास्तू संपूर्ण प्रदेशाचे सभागृह बनली. जानेवारी १९६५ मध्ये दोन शालेय संघांचा सामना पाहण्यासाठीही येथे बारा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. त्या सामन्यात डिमाथा शाळेने न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेची सलग ७१ विजयांची मालिका ४६-४३ अशा गुणांनी खंडित केली. पराभूत संघातील उंच मध्यरक्षक ल्यू अल्सिंडर पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला.

प्रवेशाचा प्रश्न :

क्रीडागृह उभे राहिले तो काळ वर्णविभाजनाच्या अंताचा आरंभ होता. मेरीलँड विद्यापीठाच्या विधी विद्यालयाने डोनाल्ड गेन्स मरे या कृष्णवर्णीय पदवीधराला प्रवेश नाकारला होता. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल या वकिलांनी त्याची बाजू मांडली आणि १९३६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मरे यांच्या बाजूने निर्णय दिला. तरीही कॉलेज पार्क येथील पदवी अभ्यासक्रमांचे दरवाजे बंदच राहिले. १९३६ ते १९५४ या काळात अध्यक्षपदी असलेले हॅरी बर्ड यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची सोय प्रिन्सेस ॲन येथील स्वतंत्र शाखेत करण्याच्या धोरणाचा पुरस्कार केला. १९५१ मध्ये हायरम व्हिटल हा कॉलेज पार्क येथे पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळालेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. १९५४ च्या ब्राउन खटल्यातील निकालानंतरच विद्यापीठाने प्रवेशातील हा भेद औपचारिकरीत्या दूर केला.

मात्र वर्गखोलीचा दरवाजा उघडला म्हणून मैदानाचा दरवाजा आपोआप उघडला असे झाले नाही. दक्षिणेकडील राज्यांतील विद्यापीठांचा समावेश असलेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या संघटनेत मेरीलँड १९५३ पासून संस्थापक सदस्य होते. या संघटनेतील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू डॅरिल हिल मेरीलँडकडून १९६३ मध्ये खेळला. तर पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू बिली जोन्स मेरीलँडच्याच मुख्य संघात १९६५ मध्ये उतरला. म्हणजे कोल फील्ड हाउसच्या मैदानावर यजमान विद्यापीठाच्या मुख्य संघाकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळण्यास उद्घाटनानंतर दहा वर्षे लागली.

१९ मार्च १९६६ चा अंतिम सामना :

जोन्सच्या पदार्पणाच्याच हंगामात राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना कोल फील्ड हाउस येथे झाला. एका बाजूला अडॉल्फ रुप यांच्या मार्गदर्शनाखालील केंटकी विद्यापीठाचा संघ होता. त्यातील सर्व खेळाडू गौरवर्णीय होते आणि क्रमवारीत तो संघ पहिल्या स्थानी होता. दुसऱ्या बाजूला एल पासो येथील टेक्सास वेस्टर्न हे तुलनेने अपरिचित महाविद्यालय होते. त्याचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीच्या पाचही जागांवर कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. राखीव खेळाडूंपैकी ज्यांना त्या दिवशी मैदानावर संधी मिळाली तेही कृष्णवर्णीयच होते. पूर्वार्धात बॉबी जो हिल याने लागोपाठ दोन वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू हिसकावून गुण मिळवले आणि सामन्याचा रंग पालटला. टेक्सास वेस्टर्नने हा सामना ७२-६५ असा जिंकला. हिलने सर्वाधिक २० गुण नोंदवले.

या सामन्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. एका सामन्याने वर्णभेद संपला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. बिल रसेल यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ व १९५६ मध्ये विजेतेपद मिळवले होते. १९६३ मध्ये विजेत्या ठरलेल्या शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या सुरुवातीच्या पाच खेळाडूंत चार कृष्णवर्णीय होते. दुसरीकडे, केंटकीच्या संघटनेत पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू पेरी वॉलेस हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून १९६७-६८ च्या हंगामात मुख्य संघात खेळला. आणि खुद्द केंटकीच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसण्यास १९७० साल उजाडावे लागले.

परंतु सामन्याला महत्त्वच नव्हते, असेही म्हणता येत नाही. कृष्णवर्णीय खेळाडू वैयक्तिक कौशल्य दाखवू शकतात, पण नेतृत्व, शिस्त आणि दडपणाखाली विचार करण्याची क्षमता यांसाठी संघात गौरवर्णीय खेळाडू हवाच, असा समज त्या काळी रूढ होता. टेक्सास वेस्टर्नने संथ, संयमी आणि बचावावर भर देणारा खेळ करून तो समज सर्वांसमक्ष खोटा ठरवला. त्या दिवशीच्या वार्तांकनात वर्णाच्या मुद्द्याला फारसे स्थान मिळाले नव्हते. सामन्याचा सामाजिक अर्थ पुढील दशकांत उलगडत गेला आणि २००६ मध्ये त्यावर ‘ग्लोरी रोड’ हा चित्रपटही आला.

स्त्रियांचा खेळ आणि राष्ट्रीय प्रक्षेपण :

१९७० मध्ये कोल फील्ड हाउसने पुन्हा अंतिम सामन्याचे यजमानपद भूषवले. जॉन वुडन यांच्या यूसीएलए संघाने जॅक्सनव्हिलचा ८०-६९ असा पराभव करून सलग चौथे विजेतेपद पटकावले. एप्रिल १९७२ मध्ये चीनचा टेबल टेनिस संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याचे सामनेही याच छताखाली झाले. दोन दशकांहून अधिक काळ तुटलेला संवाद खेळाच्या माध्यमातून जोडण्याच्या प्रयत्नात एका विद्यापीठाचे क्रीडागृह असे सहभागी झाले.

याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, संघराज्याचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभाव करण्यास मनाई करणारी ‘टायटल नाइन’ ही तरतूद संमत झाली. तिच्या प्रभावाच्या काळात, २६ जानेवारी १९७५ रोजी मेरीलँड आणि इमॅक्युलाटा यांच्यातील महिलांचा सामना कोल फील्ड हाउस येथे खेळला गेला. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवला गेलेला हा महिलांचा पहिला महाविद्यालयीन बास्केटबॉल सामना मानला जातो. फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक महिला महाविद्यालयाने प्रशिक्षिका कॅथी रश यांच्या मार्गदर्शनाखाली १९७२ ते १९७४ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. या सामन्यातही त्यांनी यजमानांवर ८०-४८ अशी मात केली. यजमान संघाचा पराभव झाला असला, तरी पुरुषांसाठी उभारलेले मैदान स्त्रियांच्या खेळासाठी राष्ट्रीय व्यासपीठ ठरले, ही बाब अधिक मोलाची आहे.

वैभवामागील प्रश्न :

१९६९ मध्ये आलेल्या प्रशिक्षक लेफ्टी ड्रायसेल यांच्या कारकिर्दीत मेरीलँडचा संघ देशातील अग्रगण्य संघांत गणला जाऊ लागला. या वैभवाला १९८६ मध्ये दारुण कलाटणी मिळाली. संघाचा सर्वोत्तम खेळाडू लेन बायस याची १७ जून रोजी बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने निवड केली आणि अवघ्या दोन दिवसांनी, १९ जून रोजी, कोकेनच्या सेवनामुळे त्याचा मृत्यू झाला. ज्या मैदानावर त्याने प्रेक्षकांना मंत्रमुग्ध केले होते, त्याच कोल फील्ड हाउसमध्ये त्याच्या श्रद्धांजली सभेस हजारो लोक उपस्थित राहिले.

या मृत्यूनंतर दोन स्वतंत्र प्रश्न पुढे आले. पहिला शैक्षणिक होता. विद्यापीठाकडून खेळण्याची चार वर्षे पूर्ण करूनही बायसला पदवीसाठी २१ श्रेयांक कमी पडत होते. खेळाडू हा आधी विद्यार्थी असतो, हे तत्त्व व्यवहारात कितपत पाळले जाते, याची चौकशी विद्यापीठाला करावी लागली आणि त्याच वर्षी ड्रायसेल पायउतार झाले. दुसरा प्रश्न कायद्याचा होता. लोकक्षोभाच्या लाटेत काँग्रेसने १९८६ चा अमली पदार्थविरोधी कायदा घाईने संमत केला. त्यानुसार पाच ग्रॅम क्रॅकचा व्यापार करणे आणि पाचशे ग्रॅम भुकटी स्वरूपातील कोकेनचा व्यापार करणे यांसाठी किमान पाच वर्षांचीच शिक्षा ठरली. या शंभरास एक प्रमाणाचा सर्वाधिक फटका कृष्णवर्णीय तरुणांना बसला. २०१० मध्ये ते प्रमाण अठरास एकवर आणण्यात आले. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचे पडसाद एवढ्या दूरवर आणि इतका काळ उमटत राहिले.

स्थलांतर, पुनर्वापर आणि नामांतर :

१९८९ पासून गॅरी विल्यम्स यांनी संघाची पुन्हा उभारणी केली. ३ मार्च २००२ रोजी व्हर्जिनियाविरुद्ध ११२-९२ असा विजय मिळवून पुरुष संघाने कोल फील्ड हाउसचा निरोप घेतला आणि पुढच्याच महिन्यात अटलांटा येथे इंडियानाला ६४-५२ असे नमवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर संघ परिसरातील नव्या, सुमारे अठरा हजार आसनांच्या क्रीडागृहात गेला.

जुनी वास्तू पाडून टाकण्याऐवजी तिचा पुनर्वापर करण्यात आला. २०१५ मध्ये नूतनीकरणास आरंभ झाला आणि २०१७ मध्ये तेथे फुटबॉलसाठी बंदिस्त सरावाचे मैदान खुले झाले. याच काळात विद्यापीठाने आपल्या नामफलकांकडेही नव्याने पाहिले. वर्णविभाजनाचे समर्थन करणाऱ्या अध्यक्ष बर्ड यांचे नाव फुटबॉलच्या मैदानावरून २०१५ मध्ये काढण्यात आले. २०२१ मध्ये नूतनीकृत कोल वास्तूला ‘जोन्स-हिल हाउस’ असे नाव मिळाले. ज्या दोन विद्यार्थ्यांनी मैदानावरील वर्णाची मर्यादा प्रथम ओलांडली, त्यांची नावे अशा रीतीने सुमारे सहा दशकांनी वास्तूवर कोरली गेली.

निष्कर्ष :

१) क्रीडागृह स्वतःहून सामाजिक परिवर्तन घडवत नाही. ते घडते तेव्हा त्याला जागा आणि साक्षीदार पुरवणे एवढेच त्याचे कार्य असते. परंतु हे कार्य दुय्यम नाही.

२) प्रवेशाचा नियम बदलणे आणि प्रत्यक्ष सहभाग मिळणे यांत मोठे अंतर असते. मेरीलँडच्या बास्केटबॉलमध्ये हे अंतर एका दशकाहून अधिक होते.

३) क्रीडायश आणि शैक्षणिक प्रगती यांचा मेळ घालण्याची जबाबदारी केवळ प्रशिक्षकाची नसून संपूर्ण अध्यापकवर्गाची आहे, हे १९८६ च्या घटनेने दाखवून दिले.

४) वास्तूचे नाव हा संस्थेच्या मूल्यांचा जाहीर निर्वाळा असतो. म्हणूनच त्याचा काळानुरूप फेरविचार हा इतिहास पुसण्याचा नव्हे, तर तो अधिक पूर्ण करण्याचा प्रयत्न ठरू शकतो.

कोल फील्ड हाउसचा इतिहास आज सांगता येतो, तो सामन्यांच्या नोंदी, छायाचित्रे, न्यायालयीन कागदपत्रे आणि खेळाडूंच्या आठवणी जतन झाल्यामुळेच. कोणत्याही महाविद्यालयाच्या जिमखान्याच्या जुन्या नोंदवह्यांत अशा प्रकारची सामाजिक माहिती दडलेली असण्याची शक्यता असते. त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्याकडे अभ्याससाधन म्हणून पाहणे अगत्याचे आहे.