गल्ल्यावरचा कॉम्प्युटर

रायपूरच्या गोल बाजारात शटर वर गेलं, की ज्या पेढीवर तीन-चार कॉम्प्युटर आहेत तिथे बहुधा गल्ल्याजवळचा आधी सुरू करावा लागतो. ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यातच असतो. तो चालू झाल्याशिवाय माळ्यावरच्या हिशेबनिसाला खातं उघडता येत नाही, गोदामातल्या माणसाला स्टॉक दिसत नाही. ऐन लग्नसराईत, गिऱ्हाईक समोर उभं असताना तेच मशीन अपडेटसाठी रीस्टार्ट झालं, तर तिघांचेही हात थांबतात.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. इतकी वर्षं जपायचा डेटा कुठल्या मशीनवर, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवायचा, हे मात्र बऱ्याचदा ठरवलंच जात नाही. जे मशीन आधी घेतलं, तेच सर्व्हर होऊन बसतं. त्यावर विंडोज 10 असेल तर तिची नेहमीची सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आहेत.

निवड सॉफ्टवेअरपासून सुरू करावी. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, त्यामुळे पेढीचा जीव टॅलीत असेल तर डेटाचं मशीनही विंडोजचंच ठेवणं सोपं. त्यासाठी महागडा सर्व्हर लागतोच असं नाही. साध्या विंडोज 11 च्या परवान्यात फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी 20 उपकरणांपर्यंत जोडणीची मुभा आहे. चार-सहा जणांच्या ऑफिसला ती पुरून उरते. ‘विंडोज सर्व्हर’च्या स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरच्या परवान्याशिवाय प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. हा खर्च माणसं वाढल्यावर, सगळ्यांचे पासवर्ड एका जागेवरून सांभाळायची वेळ आल्यावरच करावा.

टॅली नाही, फक्त बिलांचे पीडीएफ, कोटेशनं आणि मालाचे फोटो सगळ्यांना हवेत, अशा ठिकाणी लिनक्स उत्तम. डेबियन किंवा उबंटू फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही नीट चालते. तिच्यावर ‘सांबा’ बसवलं की विंडोजच्या कॉम्प्युटरांना तो फोल्डर आपल्यातलाच वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे पीएचडी करत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. विंडोजच्या फाइल वाटपाच्या पद्धतीला ‘एसएमबी’ म्हणतात. ही तीन अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला आणि ‘सांबा’ हे नाव सापडलं. अडचण एकच: बिघाड झाला तर तो दुरुस्त करणारा, लिनक्स जाणणारा माणूस हाताशी हवा. तो नसेल तर फुकटची सिस्टिमही महागात पडते.

सिस्टिम कोणतीही असो, घात होतो तो एका टिचकीने. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, मग ‘एव्हरीवन’समोर ‘फुल कंट्रोल’, आणि वर पासवर्डची अटही काढलेली. काम लगेच चालू होतं आणि दार सताड उघडं राहतं. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने असे बिनपासवर्डाचे फोल्डर उघडणं मुळातच बंद केलं. अपडेटनंतर ‘शेअरिंग बिघडलं’ अशी तक्रार होते, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. उपाय म्हणून ते संरक्षण काढून टाकू नये; प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्यावा.

उघड्या दाराची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाज-समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम कोलमडलं. त्याचा शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता. पुढे पसरायला त्याने चोरलेले पासवर्ड वापरले आणि फाइल वाटपाच्या जुन्या एसएमबी पद्धतीतलं भगदाडही. ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कची किल्ली म्हणावी अशी एक प्रत वाचली ती घानातल्या ऑफिसात, कारण तिथली लाइट गेली होती आणि ती प्रत असलेलं मशीन त्या वेळी बंद होतं.

म्हणून डेटाचं मशीन गल्ल्यावरून हलवावं. यूपीएस जोडून ते आतल्या खोलीत ठेवावं; त्यावर कुणी मेल उघडू नये, कुणाचा पेनड्राइव्ह लावू नये. अपडेटची वेळ रात्रीची ठरवावी. बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. आज एक जोडावी, उद्या दुसरी, आणि जोडलेली नसलेली डिस्क दुकानात न ठेवता घरी न्यावी. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून मागच्या वर्षाचं एखादं बिल प्रत्यक्ष उघडून पाहावं.