छातीवरचा एक धक्का आणि एका संघाचा हंगाम

खेळाच्या पानावर शोभेल असा विषय आज आरोग्याच्या सदरात कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण अमेरिकेतील एका व्यावसायिक फुटबॉल संघाचा २०२२-२३ चा हंगाम डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी समजून घ्यावा असाच आहे. हा संघ म्हणजे बफेलो बिल्स. न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, नायगारा धबधब्यापासून जवळच बफेलो हे शहर आहे. तिथला हा संघ.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा तो सहकाऱ्याकडे फेकायचा असतो आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला अंगावर जाऊन पाडायचे असते. कबड्डीतील पकड आठवावी. फरक इतकाच, की इथे दोन धिप्पाड गडी पूर्ण वेगाने धावत येऊन एकमेकांवर आदळतात. म्हणून तर डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्याला जाड गाद्या बांधूनच ते मैदानात उतरतात.

सुरुवात विजयाची आणि दुखापतींची

८ सप्टेंबर २०२२ रोजी गतविजेत्या लॉस एंजेलिस रॅम्सला ३१-१० असे हरवून बिल्सनी हंगाम सुरू केला. १९ सप्टेंबरला टेनेसी टायटन्सचा तर त्यांनी ४१-७ असा धुव्वा उडवला. पण त्याच सामन्यात डेन जॅक्सन या खेळाडूची मान मागे जोरात वाकली आणि त्याला मैदानातूनच रुग्णवाहिकेने हलवावे लागले. मज्जारज्जूला इजा झाली नव्हती, हे सुदैव. मानेला मार लागलेल्या माणसाला धरून उठवायचे नाही, मान स्थिर ठेवूनच हलवायचे, हा नियम तिथे काटेकोरपणे पाळला गेला. पुढे तो त्याच हंगामात पुन्हा खेळलाही.

मायका हाइड या अनुभवी बचावपटूच्या मानेलाही त्याच सामन्यात दुखापत झाली आणि उरलेल्या हंगामाला तो मुकला. त्याच्या जागी आला डमार हॅम्लिन. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

२५ सप्टेंबरला मायामीच्या उन्हात बिल्स १९-२१ असे हरले. पाहुण्या संघाची बसण्याची बाजू तिथे भर उन्हात, तर यजमानांची सावलीत. बिल्सना चेंडू घेऊन ९० वेळा चढाई करावी लागली. अनेक खेळाडूंच्या पायांत गोळे आले, काहींना उष्म्याचा त्रास होऊन बाहेर जावे लागले. कसलेल्या शरीरालाही ऊन सोडत नाही, हे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भरदुपारी सामने ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबरमध्ये गाठ पडली ती उलट टोकाच्या हवेशी. संघाचे मैदान असलेल्या ऑर्चर्ड पार्क भागात काही दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडले आणि २० तारखेचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. याच वादळात घरापुढचे बर्फ हटवताना हृदयावर ताण येऊन दोघे दगावल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. सवय नसताना एकदम केलेले कष्ट हृदयाला महागात पडतात, ही गोष्ट कुठल्याही देशात खरीच.

२ जानेवारीची रात्र

अशा सगळ्या अडचणींतून वाट काढत बिल्स २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बेंगल्स संघाविरुद्ध उतरले. पहिल्याच सत्रात टी हिगिन्स चेंडू घेऊन धावत आला. हॅम्लिनने त्याला अडवले, तेव्हा हिगिन्सचा खांदा त्याच्या छातीवर आदळला. या खेळात असे धक्के रोजचेच. हॅम्लिन उठून उभा राहिला, एक-दोन पावले टाकली आणि सरळ मागे कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. वय अवघे २४ वर्षे.

संघाचे वैद्यकीय पथक क्षणात धावले. डेनी केलिंग्टन या सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनरने छाती दाबण्यास सुरुवात केली. विजेचा झटका देणारे यंत्र आणून हृदयाची लय परत आणण्यात आली. सहकारी खेळाडू गुडघे टेकून भोवती कडे करून उभे होते, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते. हॅम्लिनला सिनसिनाटी विद्यापीठाच्या रुग्णालयात नेण्यात आले. तो सामना पुढे रद्दच झाला.

दोन-तीन दिवसांनी शुद्धीवर आल्यावर तोंडात नळी असल्याने त्याला बोलता येईना. त्याने कागदावर लिहून विचारले, आपण जिंकलो का? डॉक्टरांनी त्याला सांगितले, होय, आयुष्याचा सामना तू जिंकलास. ११ जानेवारीला तो रुग्णालयातून घरी गेला. २०२३ च्या हंगामात तो पुन्हा मैदानात दिसला आणि २०२४ मध्ये नियमित खेळू लागला.

हे झाले कशाने?

अशा घटनेला वैद्यकशास्त्रात कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. याचा अर्थ हृदयाला बसलेला हादरा. हा नेहमीचा हार्ट अ‍ॅटॅक नव्हे. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबते. १९७१ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा चक ह्यूजेस मैदानावर कोसळून मरण पावला, तो रोहिण्यांच्या अशाच विकाराने. हॅम्लिनचे मात्र तसे नव्हते.

आपले हृदय विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालते. प्रत्येक ठोक्यानंतर ही यंत्रणा पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. त्या सज्ज होण्याच्या काळात एक अत्यंत नाजूक क्षण असतो, सेकंदाचा जेमतेम चाळीस-पन्नासावा भाग. नेमक्या त्या क्षणी आणि नेमक्या हृदयाच्या जागी आघात झाला, तर लय विस्कटते. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे जात नाही. हृदय पूर्ण निरोगी असूनही हे घडते. आघात फार मोठा असावा लागतो असेही नाही.

अमेरिकेत हा प्रकार बहुतांशी किशोरवयीन मुलांत आणि बेसबॉलसारख्या कठीण चेंडूच्या खेळांत आढळतो, कारण कोवळ्या वयात छातीचा पिंजरा लवचिक असतो. प्रकार विरळा आहे, घाबरून मुलांचा खेळ बंद करू नये. पण आपल्याकडचा सीझन बॉलही कठीणच असतो. लहान मुलांना मऊ चेंडूने खेळू द्यावे आणि चेंडू छातीवर घेऊन अडवण्याची सवय लावू नये.

वेळेचे गणित

हृदय थांबल्यावर काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी ही पहिली मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती असतात. हॅम्लिन वाचला तो नुसत्या नशिबाने नव्हे. तिथे सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय लोक आणि पंच एकत्र जमतात आणि काही विपरीत घडल्यास कोणी काय करायचे, रुग्णवाहिका कुठे, यंत्र कुठे, हे ठरवून घेतात.

आपण काय करावे?

कोणी अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके देत आहे, असे दिसले तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. तोंडात पाणी तर मुळीच घालू नये. पुढील गोष्टी कराव्यात.

१) एकाने लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

२) रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवावे. छातीच्या मधोमध हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा.

३) कोपरे ताठ ठेवून छाती सुमारे दोन इंच खाली दाबावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

४) दमल्यास दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, पण दाबणे थांबवू नये. जवळ झटक्याचे यंत्र असल्यास ते ताबडतोब आणावे. ते स्वतःच सूचना देते.

तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल, तर मोठ्या माणसात नुसती छाती दाबणेही मोलाचे. (बुडालेल्या व्यक्तीला आणि लहान मुलांना श्वास देणेही आवश्यक असते, म्हणून ते शिकून घ्यावे.) बरगडी मोडेल अशी भीती बाळगू नये. मोडलेली बरगडी पुन्हा जुळते.

त्या हंगामाचा हिशेब

बिल्सनी साखळीत १३ सामने जिंकले, ३ गमावले. हॅम्लिन रुग्णालयात असतानाच ८ जानेवारीच्या सामन्यात निहाइम हाइन्सने पहिलाच चेंडू घेऊन ९६ यार्ड धावत गुण मिळवला, तेव्हा अवघे मैदान उसळले. पुढे २२ जानेवारीला बाद फेरीत त्याच बेंगल्सकडून १०-२७ अशी हार झाली. अजिंक्यपद हुकले. पण हरलेल्या त्या सामन्याला हॅम्लिन प्रेक्षकांत हजर होता. नंतर त्याने अमेरिकन हार्ट असोसिएशनबरोबर लोकांना छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेण्याचे आवाहन केले.

झटक्याचे यंत्र महाग आहे, ते प्रत्येक शाळेत लगेच येणार नाही. दोन हात मात्र सर्वांपाशी आहेत. आपल्या गावातील शाळेच्या क्रीडाशिक्षकांना, क्रिकेट आणि कबड्डी मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे तंत्र येते का, याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी. येत नसेल तर जवळच्या डॉक्टरांना बोलावून एक दुपार त्यासाठी द्यावी. पुढच्या स्पर्धेचा मांडव घालण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे.