एकदाच उडायचं, तर एवढा काटेकोरपणा कशाला?

चिंचोळी एमआयडीसीत बोलायला उभं राहिलं की आम्ही थोडे अवघडतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, आणि समोर बसलेत रोज मशीनवर मायक्रॉन मोजणारे लोक. पण आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिलाय. मागच्या वेळी चहा घेताना एका तरुण कामगाराने विचारलं, "सर, रॉकेट एकदाच उडतं आणि समुद्रात पडतं. मग त्याच्या पार्टला एवढा काटेकोरपणा कशाला? आणि आता रॉकेट परत यायला लागली, तर पार्ट बनवणाऱ्यांचं काय?" दोन्ही प्रश्न पोटातून आलेले आहेत. दोन्हींचं उत्तर आज शोधू.

तुमच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. इथे चिंचोळीत मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १००० घेतो. ताशी ५० किलोमीटरने गाडी एक लाख किलोमीटर चालली, तर तो बारा कोटी वेळा फिरला. त्याचा भरवसा झिजण्याशी जोडलेला आहे.

आता पुण्याच्या वाटेवर इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला चला. ज्यांच्या नावाचं ते गाव, ते शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२ चा. साखर कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनतात, म्हणजे घन इंधन भरायची पोलादी नळकांडी. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा अशा पाच तुकड्यांचा असतो, व्यास २.८ मीटर, पोलाद मॅरेजिंग जातीचं. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ ला दोन बूस्टर होते. प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन, आणि ते जळून संपतं दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात. केसिंगचं आयुष्य तेवढंच. मग त्याची परीक्षा कशी घ्यायची?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पण दाबून पाहिलेलं शीत परत पातेल्यात जात नाही. घन इंधनाची मोटर तशीच आहे. एकदा पेटवली की विझवता येत नाही, आणि पेटवून पाहिली की ती संपली. केसिंगवर दाब देऊन, वेल्डिंग तपासून बरंच कळतं, पण प्रत्यक्ष जळण्याची परीक्षा जिची झाली ती मोटर कधी उडत नाही, आणि जी उडते तिची ती परीक्षा झालेली नसते. तरी आपण विश्वास ठेवतो तो कशावर? ही तिच्या परीक्षा झालेल्या बहिणीसारखीच आहे, या अनुमानावर. न्यायशास्त्रात याला व्याप्ती म्हणतात. धूर तिथे अग्नी, तसं ही प्रक्रिया तिथे हे बळ. पोलाद, वेल्डिंग, उष्णतेची प्रक्रिया यांत थोडाही फरक पडला, की अनुमानाचा पायाच निसटला. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: काटेकोरपणा त्या एका नगापुरता नसतो. हा नग बाकीच्यांसारखाच आहे असं छातीठोकपणे म्हणता यावं, यासाठी तो असतो.

आणि चुकलं तर पुरावाही समुद्रात जातो. १० ऑगस्ट १९७९ ला आपलं पहिलं एसएलव्ही-३ कोसळलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप गळली होती. हे शोधायला हाताशी होते ते उड्डाणात आलेले संदेश आणि जमिनीवरच्या चाचण्या. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, यश आलं.

परत येणाऱ्या यानाचा मोठा फायदा इथेच आहे. ते स्वतःचा पुरावा घेऊन येतं. पण पुरावा आपोआप बोलत नाही, बरं का. अमेरिकेच्या स्पेस शटलचे घन इंधनाचे बूस्टर समुद्रातून काढून पुन्हा वापरत. त्यांच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबरी कडी असायच्या. परत आलेल्या काही बूस्टरमध्ये त्या कडी जळालेल्या दिसल्या होत्या. इंजिनिअरांनी धोका सांगितलाही. पण वर अर्थ असा लावला गेला, की "तरी यान सुखरूप आलं ना!" २८ जानेवारी १९८६ ला, कडाक्याच्या थंडीत, कडीने दगा दिला आणि चॅलेंजर सात जणांसह गेलं. ते शटलचं पंचविसावं उड्डाण होतं. चोवीस यशांनी जे शिकवायला हवं होतं, त्याच्या उलट शिकवलं. २००३ मध्ये कोलंबिया गेलं. एकूण १३५ उड्डाणांत दोन यानं, चौदा माणसं.

आता पैशाकडे येऊ. लग्नात पत्रावळ वापरायची की स्टीलचं ताट? ताट महाग, वर धुण्याचा खर्च. पंगती किती, यावर हिशेब ठरतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. फेकायचं रॉकेट प्रत्येक वेळी १०० रुपयांना. परतणारं बनवायला २००, दर वेळच्या डागडुजीला २०, आणि परतीचं इंधन राखावं लागतं म्हणून माल तीन चतुर्थांशच. दोनच उड्डाणं केली, तर तेवढ्याच मालाला १६० पडतात. दहा केली, तर सुमारे ५३. शटलची गोम डागडुजीत होती. उष्णतेपासून वाचवणाऱ्या जवळजवळ २४,००० फरशा, आणि दर वेळी त्यांची तपासणी!

फाल्कन-९ ने शहाणपण केलं ते पहिलाच टप्पा परत आणण्यात. डिसेंबर २०१५ मध्ये तो जमिनीवर उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आता काही टप्पे तीसहून जास्त वेळा उडालेत. दुसरा टप्पा मात्र ते फेकतातच. का? पहिला टप्पा सुटतो तेव्हा वेग सेकंदाला दोनेक किलोमीटर असतो. कक्षेत तो पावणेआठ होतो. म्हणजे दर किलोमागे जिरवायची ऊर्जा सुमारे पंधरापट. शिवाय वरच्या टप्प्यात वाढवलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून थेट वजा होतो.

आपल्याकडेही सुरुवात झालीय. इथून विजापूरमार्गे दक्षिणेला निघालं की चित्रदुर्ग लागतं. त्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर इस्रोचं पंखवालं प्रायोगिक यान एप्रिल २०२३ ते जून २०२४ मध्ये तीनदा स्वतःहून उतरलं. हेलिकॉप्टरने उंचावर नेऊन सोडलं होतं, अवकाशातून आलेलं नव्हतं. पण तिसऱ्या वेळी यानाचा सांगाडा आणि यंत्रणा दुसऱ्या वेळच्याच होत्या, काही न बदलता.

आता दुसरा प्रश्न, पोटाचा. रॉकेट परतलं तर नवी केसिंग कमी लागतील, हे खरंय. आम्ही गोड बोलून ते झाकणार नाही. पण वरचे टप्पे पुष्कळ काळ नवेच लागतील. आणि परतणाऱ्या यानाला लागणारं ज्ञान वेगळं आहे. धातू कधी थकतो, किती झीज चालते, कुठला पार्ट केव्हा बदलायचा. बारा कोटी फेऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या वसाहतीला हे ज्ञान परकं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पार्ट परत आला आणि त्यावर बारीकसा चरा दिसला, तर "मागच्या वेळी चाललं होतं" म्हणून सही करू नका. चॅलेंजरच्या वेळी नेमकं तेच झालं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. त्या मुलाला पुढे बसवा.