मुखपृष्ठाआडचा ग्रंथ

चित्रपटाच्या पडद्यावर क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या एखाद्या जुन्या चित्रकथा-पुस्तिकेची ओळख पटविणे, हा उद्योग वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी कोणालाही पडेल. ज्यांना आपण 'कॉमिक' म्हणतो त्या पुस्तिका मुलांच्या करमणुकीसाठी स्वस्त कागदावर छापल्या गेल्या, वाचून झाल्यावर फाटल्या आणि रद्दीत गेल्या. त्यांच्यासाठी पाठचिकित्सेची अवजारे बाहेर काढणे म्हणजे मुंगी मारण्यास तोफ लावणे होय, असेही कोणी म्हणेल. परंतु पोथीच्या बाबतीत जे प्रश्न उद्भवतात तेच प्रश्न या पुस्तिकांच्या बाबतीतही उद्भवतात, आणि त्यांची उत्तरे शोधण्याची रीतही तीच आहे. त्या शोधाला केवळ कुतूहलापलीकडचे प्रयोजन आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. रॉबर्ट झेमेकिस यांच्या 'बॅक टू द फ्यूचर' या १९८५ सालच्या अमेरिकन चित्रपटात नायक कालयानातून ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी जाऊन पोहोचतो आणि पीबडी नावाच्या शेतकऱ्याच्या कोठारात धडकतो. त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती 'टेल्स फ्रॉम स्पेस' नावाची चित्रकथा-पुस्तिका आहे. तिच्या मुखपृष्ठावरील प्लूटोवासी प्राण्याचे चित्र आणि समोर उभी असलेली आकृती यांत त्याला साम्य दिसते, आणि सारे कुटुंब नायकाला परग्रहावरचा प्राणी समजते. या नावाची पुस्तिका १९५५ साली अमेरिकेत कोणी प्रसिद्ध केलेली नव्हती. ती चित्रपटासाठी मुद्दाम घडविलेली आहे. नाट्यव्यवसायात जिला 'प्रॉपर्टी' म्हणतात, त्या जातीची ही वस्तू होय.

मुखपृष्ठ घडविता येते. पण आतील पानांचे काय? पडद्यावर काही क्षण दिसणाऱ्या वस्तूसाठी बत्तीस रंगीत पाने नव्याने चितारणे हा निष्फळ खर्च होय. अशा वेळी सामान पुरविणाऱ्या विभागाला सोपा मार्ग उपलब्ध असतो: त्या काळातील एखादी खरी पुस्तिका घ्यावयाची आणि तिला नवे वेष्टन चढवावयाचे. त्यामुळे एकाच वस्तूत दोन ग्रंथ नांदू लागतात. बाहेरचा खोटा, पण सर्वांना ठाऊक असलेला. आतला खरा, पण अनामिक. पुढे ती वस्तू एखाद्या संग्राहकाच्या हाती आली, किंवा दृश्यात तिचे एखादे पान उघडे दिसले, म्हणजे प्रश्न उभा राहतो: हा आतला ग्रंथ कोणता?

पोथ्यांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती नवी नाही. पहिले पान गहाळ, शेवटचे पान गहाळ, त्याबरोबर पुष्पिका गेलेली, म्हणून ग्रंथकर्ता, नकलकार आणि शक यांपैकी काहीच हाती नाही, अशा पोथ्या आपल्या प्रत्येक संग्रहात आहेत. काही वेळा तर एका ग्रंथाच्या पानांवर दुसऱ्याच ग्रंथाची पाटी बांधलेली आढळते. तेथे अभ्यासक प्रथम बहिरंग तपासतो आणि नंतर अंतरंगात शिरतो. येथेही तोच क्रम हितावह आहे.

अमेरिकन पुस्तिकेची जन्मपत्रिका मुख्यतः तिच्या मुखपृष्ठावर असते. अंकाचा क्रमांक, महिना, प्रकाशकाची खूण आणि किंमत ही सारी तेथेच. १९६१ च्या अखेरीपर्यंत बहुतेक पुस्तिकांची किंमत दहा सेंट होती. त्या सुमारास ती बारा सेंट झाली. १९५४ साली या पुस्तिकांच्या बालमनावरील परिणामाची चौकशी अमेरिकन सेनेटच्या उपसमितीने केली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिचा शिक्का १९५५ च्या आरंभापासून मुखपृष्ठांवर दिसू लागतो. मात्र शिक्का नाही म्हणून पुस्तिका त्याआधीचीच, असा निष्कर्ष काढता येत नाही. कारण डेल या मोठ्या प्रकाशनसंस्थेने तो शिक्का कधीच स्वीकारला नाही.

परंतु आपल्या प्रश्नातील मूळ मुखपृष्ठच काढून टाकलेले असते. त्याबरोबर किंमत गेली, शिक्का गेला, क्रमांक गेला. प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि अंकाचा महिना सांगणारा बारीक टायपातील मजकूर काही प्रकाशक मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापीत. तसे असेल तर तोही गेला. काही प्रकाशक मात्र तो पहिल्या पानाच्या तळाशी छापीत. म्हणून शोधकाने प्रथम त्या तळाकडे पाहावे. तेथे मजकूर सापडला तर काम तेथेच आटोपले, आणि पुढील सारी खटपट वाचली.

तो न सापडल्यास जाहिरातींकडे वळावे. कथेला काळ नसतो, पण जाहिरातीला असतो. अमेरिकन टपालखात्याने १९४३ साली मोठ्या शहरांतील पत्त्यांत विभागांचे क्रमांक घालण्यास आरंभ केला, आणि १ जुलै १९६३ पासून त्यांची जागा पाच अंकी 'झिप' क्रमांकाने घेतली. पानावरील कूपनात 'न्यू यॉर्क १७' असा पत्ता असेल तर पुस्तिका सर्वसाधारणपणे या दोन टोकांमध्ये येते. पृष्ठसंख्याही बोलकी असते. चाळिशीच्या आरंभी चौसष्ट पानांची असलेली पुस्तिका पुढे आक्रसत गेली आणि पन्नाशीत मुखपृष्ठ वगळून बत्तीस पानांवर स्थिरावली. टपालाचा सवलतीचा दर मिळावा म्हणून प्रत्येक अंकात दोन पाने निव्वळ गद्य मजकूर घालण्याची त्या काळी प्रथा होती. मुलांनी ती पाने क्वचितच वाचली असतील; पण शोधकाला त्यांचा उपयोग होतो, कारण त्या गोष्टींची शीर्षके अंकांच्या सूचींतून नोंदविलेली असतात.

बहिरंग येथे संपते. त्यानंतरचा पुरावा हाताचा, म्हणजे चित्र आणि अक्षर यांचा. ई. सी. या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तिकांतील मजकूर बहुधा लेरॉय नावाच्या आखणीयंत्राने लिहिलेला असे. त्याची ताठ, यांत्रिक वळणे एकदा डोळ्यांत बसली की अन्यत्र फसगत होत नाही. अन्य संस्थांतून मात्र हाताने लिहिलेले अक्षर असे, आणि तेथे अक्षरलेखकाच्या वळणावरून संस्था ओळखण्याइतके कसब काही जाणकारांनी कमावले आहे. मोडी कागदावरील वळण पाहून दप्तर ओळखणाऱ्या संशोधकाचेच हे कसब होय.

कोठे शोधावे, याचे एक गमक कायद्यात आहे. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे स्वामित्व अठ्ठावीस वर्षांनी नूतन न केल्यास संपुष्टात येत असे. पन्नाशीत अनेक लहान प्रकाशक बुडाले. नूतनीकरण करावयास त्यांच्यामागे कोणी उरले नाही. चित्रपटाच्या निर्मात्याला दाव्याची धास्ती असते. त्यामुळे पान उघडे दाखवावयाचे असेल तर अशा निपुत्रिक पुस्तिकेची निवड सुरक्षित ठरते. फिक्शन हाउस या संस्थेच्या 'प्लॅनेट कॉमिक्स'चे १९४० ते १९५३ या काळात त्र्याहत्तर अंक निघाले आणि पुढे ती संस्था अस्तास गेली. अंतराळकथेची पाने हवी असणाऱ्याला अशा मालिका सोयीच्या. आज सूची पाहण्याची सोयही झाली आहे. १९९४ साली सुरू झालेल्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या सहकारी सूचीत स्वयंसेवकांनी अंकागणिक कथांची, चित्रकारांची आणि पात्रांची नोंद केली आहे. पात्राचे एक नाव किंवा कथेचे शीर्षक वाचता आले, तरी धागा हाती येतो.

येथे तीन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी, की चित्रपटातील काळ हा पुस्तिकेच्या काळाचा पुरावा नव्हे. कथा १९५५ सालची आहे म्हणून आतली पुस्तिका १९५५ ची असलीच पाहिजे असे नाही. सामान पुरविणाऱ्याने जे हाती लागले ते घेतले असेल. शिवाय अंकावर छापलेला महिना विक्रीच्या दिवसापेक्षा दोन-तीन महिने पुढचा असे.

दुसरी सूचना पुनर्मुद्रणाची. १९५८ नंतर आय. डब्ल्यू. या संस्थेने बुडालेल्या प्रकाशकांच्या जुन्या कथा नव्या मुखपृष्ठांखाली पुन्हा छापल्या. म्हणजे कथा ओळखली म्हणून अंक ओळखला असे होत नाही. सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे लावली ती याच भेदाच्या जाणिवेने: ग्रंथ एक, प्रती अनेक, आणि प्रत्येक प्रतीचे स्थान तिच्या पाठांवरून व प्रमादांवरून ठरवावयाचे. पुस्तिकेच्या बाबतीत हे काम जाहिराती करतात. कथा पुन्हा छापली जाते. जुनी जाहिरात सहसा छापली जात नाही.

तिसरी सूचना एका प्रसिद्ध चित्राच्या इतिहासातून मिळते. रिचर्ड हॅमिल्टन या इंग्रज कलावंताच्या १९५६ च्या चिकटचित्रात भिंतीवर 'यंग रोमान्स' या पुस्तिकेचे मुखपृष्ठ चौकटीत लावलेले दिसते. पुस्तिका ओळखणे अवघड नव्हते. सायमन आणि कर्बी या जोडीची ती मालिका. परंतु जॉन-पॉल स्टोनार्ड यांनी २००७ साली या चित्राच्या उगमस्थानांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसून आले की तो तुकडा त्या पुस्तिकेच्या अंगावरचा नाहीच. 'यंग लव्ह' या भगिनी-मासिकाच्या १९५० सालच्या अंकात आलेल्या जाहिरातीतून तो कापून घेतलेला आहे. जे दिसते त्याचे नाव सांगणे एक आणि ते कोठून आले हे सांगणे दुसरे. ओळख पूर्ण झाली असे म्हणावयाचे तर परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा जुळावयास हव्यात.

एवढे सव्यापसव्य कशासाठी, असा प्रश्न आता विचारता येईल. पडद्यावरून वस्तू ओळखण्याचे एक भाग्यशाली उदाहरण जगाला ठाऊक आहे. हंगेरीचे कलेतिहासकार गेर्गेली बार्की यांना २००९ च्या नाताळात आपल्या मुलीसमवेत 'स्टुअर्ट लिटल' हा १९९९ चा बालचित्रपट पाहत असता, पार्श्वभूमीला भिंतीवर रोबेर्त बेरेनी या चित्रकाराचे हरवलेले चित्र दिसले. १९२८ च्या प्रदर्शनानंतर त्याचा माग लागलेला नव्हता. बार्कींना ते केवळ एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून ठाऊक होते. चित्रपटाच्या नेपथ्यविभागातील एका सहायिकेने ते कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे जुन्या वस्तूंच्या दुकानातून पाचशे डॉलरांना घेतले होते. २०१४ साली बुडापेस्ट येथील लिलावात त्याला २,२९,५०० युरो मिळाले.

ही हकीकत सर्वांना आवडते, कारण तिच्या शेवटी एक मोठे नाव आणि एक मोठी रक्कम आहे. चित्रकथा-पुस्तिकेच्या शोधात बहुधा दोन्ही नसतात. असते ते उलट: ज्याचे नाव कोणी छापलेच नाही असा मनुष्य. या पुस्तिकांचे लेखक आणि चित्रकार पानामागे ठरलेल्या मोबदल्यावर काम करीत. कामाचा हक्क प्रकाशकाचा, आणि नावही अनेकदा प्रकाशकाचेच. कार्ल बार्क्स यांनी १९४२ पासून डोनाल्ड बदकाच्या कथा रचल्या व चितारल्या, पण त्यांवर नाव असे वॉल्ट डिस्ने यांचे. अन्य चित्रकारांच्या गर्दीतून हा हात वेगळा आहे हे बालवाचकांनी ओळखले होते. त्याला ते 'चांगला बदक-चित्रकार' म्हणत. याहून अधिक त्यांना ठाऊक नव्हते. त्यांपैकी काहींनी मोठेपणी चिकाटीने चौकशी केली, आणि १९६० च्या सुमारास बार्क्स हे नाव वाचकांपर्यंत पोहोचले. तोवर त्यांच्या कारकीर्दीची बहुतेक वर्षे सरली होती.

याची दुसरी बाजू रॉय लिख्टनस्टाइन यांच्या चित्रांत दिसते. त्यांचे 'व्हाम!' हे १९६३ चे भव्य चित्र लंडनच्या टेट गॅलरीने १९६६ साली घेतले. त्यामागे 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर' या पुस्तिकेच्या १९६२ च्या ८९ व्या अंकातील अर्व्ह नोव्हिक यांची चौकट आहे. 'ड्राउनिंग गर्ल'च्या मागे 'सीक्रेट हार्ट्स'च्या ८३ व्या अंकातील टोनी अब्रुझो यांचे चित्र आहे. लिख्टनस्टाइन यांनी त्या चौकटी बदलल्या, त्यांना नवा अर्थ दिला, हे मान्य करूनही मूळ हात कोणाचा हे सांगण्याचे कर्तव्य उरतेच. डेव्हिड बार्सालू या कलाशिक्षकाने वर्षानुवर्षे जुने अंक चाळून ही उगमस्थाने गोळा केली. संग्रहालयाच्या भिंतीवर ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांची नावे निदान नोंदीत आली.

चित्रपटातील त्या वेष्टनाआडच्या पुस्तिकेचेही असेच आहे. तिच्या अंगावर दोन पडदे आहेत: एक प्रकाशकाच्या नावाचा आणि दुसरा चित्रपटाच्या खोट्या मुखपृष्ठाचा. प्रेक्षक वरचे चित्र लक्षात ठेवतो, संग्राहक त्याची किंमत करतो, आणि ज्याने रात्री जागून आतली बत्तीस पाने पुरी केली तो या दोघांच्याही हिशेबात येत नाही. अंक कोणता, पान कोणते आणि हात कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्याचा हिशेब पुरा होतो. ती पाने थोर कलाकृती ठरतील असे नव्हे. पुष्कळदा ती सामान्यच असतात. पण आपल्या पोथीसंग्रहांतील सामान्य बखरीचा आणि नीरस आख्यानाचा कर्ताही आपण शोधतोच, आणि तो सापडला म्हणजे यादीत त्याचे नाव लिहितो. रसिकतेचा निवाडा त्यानंतरचा. आधी नाव, मग गुणदोष, हा चिकित्सेचा क्रम ग्रंथाचा दर्जा पाहून बदलावयाचा नसतो.