छत आपलं, वीज शेजारची!

भर दुपारी बुलढाण्यातल्या एखाद्या गच्चीवरचे सोलर पॅनल घराला पुरून उरेल इतकी वीज बनवतात. उरलेली वीज जाते कुठे? लांब कुठेच नाही! त्याच डीपीवरच्या शेजाऱ्याचा कूलर ती बहुतेक ओढून घेतो. हिशेब मात्र महावितरणच्या नेट मीटरवर होतो आणि वर्षाची शिल्लक ३१ मार्चला ठरते.

शेजाऱ्याला थेट वीज विकता येते? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एप्रिल २०१६ मध्ये एका घराने समोरच्या घराला छतावरची वीज विकून दाखवली. दोन्ही घरं एकाच रस्त्यावरची!

पॅनलला ऊन आवडतं, ताप नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं, की जवळपास सातवा हिस्सा गेलाच! म्हणून पॅनलखाली वारा खेळायला जागा ठेवा, टिनाच्या छतावर तर नक्कीच.

लाईन गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. ऊन लख्ख असलं तरी! खांबावर चढलेल्या लाइनमनला उलट्या दिशेने शॉक बसू नये, म्हणून ही सोय आहे.

आता कार्बन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला. ३ किलोवॅटचं छत वर्षाला साधारण ४,००० युनिट देतं. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज बनताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका घराचे वर्षाला तीनही क्रेडिट भरत नाहीत. तपासणी आणि नोंदणीच्या खर्चापुढे एकट्याचा टिकाव लागणार नाही. पण ५०० घरं एकत्र आली तर १,४०० क्रेडिट! डेअरीत प्रत्येकाचं दोन-तीन लिटर दूध जमून टँकर भरतो, तसंच हे. ज्या जिल्ह्यात बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था उभी राहिली, तिथे अशी मोट बांधणं अवघड नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि अशा एकत्र येण्याचा नमुनाही आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. जास्तीची वीज वीज कंपनीला ४.६३ रुपये युनिटने विकली. वर एका संशोधन संस्थेकडून युनिटमागे हरित विजेचा सव्वा रुपया आणि भूजल वाचवल्याचा सव्वा रुपया! पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणं परवडू लागलं, ही यातली खरी गंमत. विहिरी तळाला जाताना पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने ती जरूर तपासावी.

घरासाठी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. शिवाय याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आदर्श सौर गावाला १ कोटी रुपये मिळतात. त्यासाठीच्या स्पर्धेत उतरायला गावाची लोकसंख्या ५,००० च्या वर हवी. बुलढाण्यातही अशी गावं आहेत!