बँक उघडी असलेली सुट्टी

२०२५ च्या भाऊबीजेला, म्हणजे २३ ऑक्टोबरला, बेलापूरचं कोकण भवन बंद होतं आणि त्याच परिसरातल्या बँका चालू होत्या. राज्य सरकारने भाऊबीजेची जादा सुट्टी आपल्या कर्मचाऱ्यांना दिली होती, बँकांना नव्हे. चलनातल्या नाण्यांतून दुर्मीळ नाणी वेचणाऱ्याला यापेक्षा चांगला दिवस सापडणं कठीण. बहुतेक लोक बहिणीकडे जेवायला गेलेले, काउंटरसमोर रांग नाही आणि रोखपालाला मान वर करून बोलायला फुरसत. एरवी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाच रुपयांच्या नाण्यांची पिशवी मागितली, तर तो बिचारा आधी तुमच्या मागची रांग बघतो.

अमेरिकेत हा छंद जुना आहे. तिथल्या बँका कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळकांड्या देतात. लोक त्या घरी नेऊन फोडतात, हवं ते ठेवतात आणि उरलेलं परत भरतात. आपल्याकडे नळकांडी नाही, प्लास्टिकची पिशवी असते. शंभर-शंभर नाणी पॉलिथिनच्या पिशवीत भरणं रोखपाल आणि ग्राहक दोघांनाही सोयीचं, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलेलं आहे. दोन रुपयांची पिशवी दोनशेला, पाचची पाचशेला, दहाची हजाराला. काही सापडलं नाही तरी पैसे जसेच्या तसे राहतात. इतका बिनधोक छंद मला दुसरा माहीत नाही.

पण पिशवी हवी तर बँक उघडी हवी, आणि नवी मुंबईत ती कधी उघडी असते हे नीट समजून घ्यावं लागतं. बँकांची सुट्टी ठरते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ नुसार. राज्य सरकार या कलमाखाली जो दिवस अधिसूचित करतं, तोच बँकेचा बंद दिवस. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्या बँकांना लागू नसतात. त्यामुळे शाळा आणि कचेऱ्या बंद, पण बँक चालू, असे दिवस दर वर्षी निघतात. रिझर्व्ह बँकेच्या सुट्ट्यांच्या तक्त्यात मुंबई आणि नागपूरबरोबर बेलापूरची नोंद स्वतंत्र असते. नवी मुंबईकराने ती पाहावी. देशभराची म्हणून फिरणारी यादी इथे उपयोगाची नाही. २०२५ च्या दिवाळीत २० ऑक्टोबरला देशातल्या बऱ्याच शहरांत बँका बंद होत्या. आपल्याकडे त्या दिवशी चालू होत्या, कारण महाराष्ट्राची सुट्टी लक्ष्मीपूजनाची २१ ला आणि बलिप्रतिपदेची २२ ला होती.

खाडीपूल ओलांडला की हिशेब आणखी बदलतो. त्याच वर्षी ईद-ए-मिलादची ५ सप्टेंबरची सुट्टी राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी ८ सप्टेंबरला नेली. ५ तारखेच्या दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती, म्हणून हा बदल. बाकी जिल्ह्यांत मात्र ५ तारीखच राहिली. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. म्हणजे मानखुर्दला एक सुट्टी आणि वाशीला दुसरी, मध्ये फक्त खाडी. कामासाठी रोज पूल ओलांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून बंद आहेत, पाचवा आला तर तो चालू असतो. काही सहकारी बँकांच्या शाखा रविवारी चालू राहतात आणि आठवड्यात दुसऱ्या वारी बंद असतात. आपल्या भागात अशी शाखा असेल तर तिथे खातं असलेलं बरं. एका उघड्या दिवसाच्या मात्र वाटेला जाऊ नये. ३१ मार्च २०२५ ला रमजान ईद असूनही रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा उघड्या ठेवायला सांगितल्या. त्या दिवशी वर्षअखेरचा करभरणा चालतो, तिथे चिल्लर मागणं बरं दिसत नाही.

आता पिशवीत काय असतं ते. घरी वर्तमानपत्र पसरून नाणी ओतावीत आणि आधी एक साधं लोहचुंबक फिरवावं. अलीकडची एक आणि दोन रुपयांची पोलादी नाणी पटापट चिकटतात. जी खाली राहतात त्यांत जुनी तांबे-निकेलची असतात, दोन रुपयांची अकरा कोनांची आणि पाचची जाड, नऊ ग्रॅमची. तिथे थांबावं. १९९९ चं दोन रुपयांचं छत्रपती शिवाजी महाराजांचं नाणं याच ढिगात मिळतं. त्याच वर्षीचं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं, २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं आणि १९९० चं डॉ. आंबेडकरांचं एक रुपयाचं, ही चौकडी मराठी घरात हातोहात फिरत राहिली आणि बहुतेकांनी ती रिक्षावाल्याला देऊन टाकली. मला याची खरोखर हळहळ वाटते. रिझर्व्ह बँकेच्या पंच्याहत्तरीनिमित्त २०१० मध्ये निघालेल्या नाण्यांवर वाघ आणि ताडाचं झाड आहे. बेलापुरात रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे, तेव्हा नवी मुंबईकराच्या संग्रहात त्यातलं एक हवंच.

मग भिंग घेऊन सालाखाली बघावं. चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ १८२९ पासूनची, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर. नाण्यांची टंचाई पडली तेव्हा सरकारने ती परदेशातूनही पाडून आणली: कॅनडा, मेक्सिको, दक्षिण कोरिया, स्लोव्हाकिया, रशिया. त्यांच्या खुणा वेगळ्या असतात आणि तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधल्या गल्ल्यातही त्या सापडू शकतात. दहाच्या द्विधातू नाण्यांत २००५ साल छापलेलं दिसलं तर बाजूला काढावं, ती या मालिकेची सुरुवात आहे. दहाच्या नाण्यांवरून दुकानदार हुज्जत घालत असेल तर त्याला सांगावं की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच चौदा वेगवेगळ्या रचना अधिकृत असल्याचं स्पष्ट केलंय.

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, ती आली तर संग्रहातच राहतील. पन्नास पैसे मात्र आजही वैध आहेत. जुन्या नाण्यांचे लाखो रुपये देतो म्हणून फोन आला तर तो तिथेच ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क उकळणाऱ्या अशा टोळ्यांबद्दल तिने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर इशारा दिलेला आहे.

मागायची वेळ सणांच्या हिशेबाने ठरवावी. दिवाळीआधी पूजेसाठी आणि लग्नसराईत आहेराच्या पाकिटावरच्या एक रुपयासाठी लोक कोरी नाणी नेतात, तेव्हा जुनं फारसं हाती लागत नाही. गणपती आणि नवरात्र उलटल्यावर मंडळांच्या आणि देवळांच्या दानपेट्या रित्या होतात. वर्षानुवर्षं घरातल्या डब्यात पडून राहिलेली नाणी त्यातून बँकेत येतात. त्या आठवड्यांत आपलं खातं असलेल्या शाखेत जावं, रोखपालाशी नावानिशी बोलावं आणि वापरातली, आधी फिरलेली नाणी मागावीत. शोधून झालेली पिशवी त्याच काउंटरवर देऊ नये. पुढच्या वेळी तीच हाती येते. ती दुसऱ्या शाखेत शंभराची मोजून भरावी, किंवा सुट्ट्या पैशांसाठी अडलेल्या भाजीवाल्याला द्यावी.